पोरीच्या कानातली बुचं

बायको गेल्यापासून घरात आवाज असा उरला नाय. तसं माझ्या कानांनीही आता सोडलंय. महाडच्या एमआयडीसीत कंप्रेसरपाशी उभं राहून हयात गेली, त्याचं हे फळ. दारात कोण येऊन हाका मारून गेलं ते दुसऱ्या दिवशी कळतं. पण दुपारी जेवून ओट्यावर आडवा झालो आणि डोळा लागायला आला, की मागचं सगळं वाजायला लागतं. तिच्या काकणांचा आवाज. चुलीत फुंकणी. गोठ्यात म्हशीचं पाय आपटणं. ते आतून येतं, आणि तिथं मला लख्ख ऐकू येतं. मग मी झोपेतही नसतो आणि जागाही नसतो. पाण्यावर पान तरंगावं तसा कुठंतरी मधेच असतो. त्या तरंगण्यात एकच साल फिरून फिरून येतं. नात आमच्यापाशी राहणार का तिला घाटावर नेऊन टाकणार, ह्या एका गोष्टीवर आमचं घर टांगून होतं ते साल.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या खांद्यावर. खाली हायवे. कशेडीचा घाट चढायला निघालेले ट्रक हॉर्न मारत जातात, पण आमच्यापर्यंत तो आवाज येईस्तोवर दोऱ्यासारखा बारीक होतो. म्हणूनच पोराने आपली पोरगी आमच्याकडं आणून ठेवली होती. मुंबईत त्याची खोली एका छापखान्याच्या डोक्यावर. मशीन सुरू झालं की पोरगी कान धरून भिंतीवर डोकं आपटायची. शेजारचे म्हणायचे, हिला बाहेरचं काय तरी लागलंय. शाळेत घंटा झाली की बाकाखाली जाऊन बसायची, म्हणून बाईंनी सांगितलं, घेऊन जा. आमच्याकडं आली तेव्हा पाच वर्षांची असेल. आल्या दिवशी सबंध दिवस ओट्याच्या खांबाला पाठ लावून बसली. संध्याकाळी आजीला म्हणाली, "आजे, इथं कोण चालू करत नाय का?"

बायकोने विचारलं, "काय गो चालू करायचं?"

"सगळं," ती म्हणाली.

पोरगी येडी नव्हती. गाईंची नावं तिला माझ्याआधी पाठ झाली. कुठल्या आंब्याला पहिला मोहोर धरतो ते तिला ठाऊक. फक्त आवाज तिला टोचायचा. पातेलं पडलं तर ती अंगावर पडल्यासारखी ओरडायची. आणि काही आवाज तिच्या आवडीचे होते. बायको सुपात वरी पाखडायला बसली की ही तिच्या मांडीला टेकून पेंगायची. पाखडताना दाणे सरकतात त्याचा आवाज. मला तर तो आवाज आहे हेच तोवर ठाऊक नव्हतं.

गणपतीत पोरगा आला. दीड दिवसाच्या गणपतीची आरती, घर भरलेलं, टाळ, झांजा, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचा जोर. आरती सुरू झाली आणि पोरगी घरात नाय. शोधता शोधता गोठ्यात सापडली. वासराच्या पोटात तोंड खुपसून बसलेली. पोराला लोकांसमोर मान खाली घालावी लागली, ते त्याला झोंबलं. दुसऱ्या दिवशी निघताना म्हणाला, "आये, घाटावर मतिमंद पोरांची शाळा हाय, तिथंच ठेवतात. मी विचारून आलोय. शिमग्यापर्यंत बघतो. पालखी दारात येईल तेव्हा माणसात उभी राहिली तर ठीक. नायतर नेऊन घालतो."

बायको खोबरं किसत होती. किसतच राहिली. तो उतरणीला दिसेनासा झाल्यावर मला म्हणाली, "नेऊन घालतो म्हणतो. दुसऱ्याच्या म्हशीला पण माणूस असं बोलत नाय."

पोराचा मला राग नव्हता. एका खोलीत चार माणसं, खाली मशीन, वर ओरडणारी पोर. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित शिमग्यापर्यंतही थांबलो नसतो. पण हे बायकोपुढं बोलायची सोय नव्हती.

कारखान्यात आम्हाला कानात घालायला पिवळी बुचं मिळायची. स्पंजासारखी मऊ. चिमटीत वळून बारीक करायची, कानात सरकवायची, आणि ती आतल्या आत फुगून बसायची. आम्ही ती कानात कमी आणि खिशात जास्त घालायचो. सेफ्टीवाला साहेब दिसला की कानात, साहेब वळला की खिशात. कंप्रेसरला घाबरतो म्हणून हसतील, ही भीती कंप्रेसरपेक्षा मोठी. तशी एक जोडी माझ्या शर्टात राहिली आणि कपडे धुताना बायकोच्या हाताला लागली.

"आवो, हे काय? पेढे म्हणाल तर चिकटत नायत."

मी सांगितलं. तिने तिथंच दगडावर बसून स्वतःच्या कानात घालून बघितली. हात ओले, साडी वर खोचलेली, आणि डोळे मिटून बसली. मी काहीतरी बोललो. ती हसली. "तुम्ही बोलताय ते दिसतंय," म्हणाली, "पण लागत नाय. लग्नाच्या वेळी का नाय आणलीत?"

मग डोळे उघडून एकदम पोरीकडं बघितलं. मी पण बघितलं. दोघांच्या डोक्यात एकच आलं.

बुचं मोठ्या माणसाच्या मापाची. तिने माझ्या दाढीच्या पात्याने ती कापून लहान केली, दोन्हींना दोरा ओवला, म्हणजे हरवायला नकोत, आणि पोरीच्या गळ्यात घातली. पोरगी आधी लांब पळाली. मग आजीच्या कानात दिसली तेव्हा जवळ आली. शेजारी त्या वेळी घराच्या पडवीला पत्रा ठोकत होते. त्या ठोकण्याने तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. बुचं बसली आणि ती हळूच अंगणात गेली. कुडापाशी उभी राहिली. हातोडा वर जात होता, खाली येत होता, आणि ती नुसती बघत होती. डोहाच्या तळाशी कोण काम करत असावं आणि आपण काठावरून बघावं, तशी. मागून ऊन येत होतं. कानातलं पिवळं टोक दिव्यासारखं चमकत होतं. तो पत्रा ठोकणारा मला अजून तसाच दिसतो, आवाज नसलेला.

इथपर्यंत ठीक झालं. मग आम्ही गाढवपणा केला. कारखान्यात कंप्रेसरच्या दारावर पाटी होती, आत असेपर्यंत बुचं काढू नयेत. मला तेवढं एकच ठाऊक. बायकोचं म्हणणं, जखम झाकून ठेवली की भरते. दोघांचं मिळून ठरलं, बुचं काढायचीच नायत. उठल्यापासून झोपेपर्यंत कानात. पोरगीही खूश. ती बोलायला लागली ती हळू, स्वतःशीच बोलल्यासारखी. आम्ही हाक मारली तर वळायची नाय, म्हणून आम्ही तिच्या पाठीवर बोट टेकवायचो. घरात आम्ही तिघं मुक्यासारखे खुणांनी बोलायला लागलो. तसं बघितलं तर ते दिवस गोड होते. धुक्यात चालल्यासारखे.

दिवाळी झाली. वरी कापून आली. बायको सूप घेऊन बसली. पोरगी तोंड धुऊन आली होती, बुचं नुकतीच काढलेली. पहिली पाखड झाली आणि पोरगी मटकन खाली बसली. दोन्ही कान दाबून. सुपाच्या आवाजाने! तिच्या आवडीच्या आवाजाने. बायकोच्या हातातलं सूप सुटलं, वरी अंगणभर. ती मला म्हणाली, "आवो, आपण हिला बरी करत नाय हाव. आपण हिला आणखी पातळ करतोय."

दुसऱ्याच दिवशी एसटीने महाडला. कानाच्या डॉक्टरचा दवाखाना चवदार तळ्याच्या अंगाला एका गल्लीत होता. डॉक्टर माणूस सावकाश बोलणारा. त्याने पोरीला खुर्चीत बसवलं नाय, आजीच्या मांडीवरच तपासलं. कानाजवळ केस चोळले, घड्याळ धरलं, कागद चुरगळला, प्रत्येक वेळी आधी तिला दाखवून.

"कान उत्तम आहेत, आजी," तो म्हणाला. "आवाज तिला इतरांपेक्षा जास्त लागतो. काही मुलं अशी असतात. वेडेपणा नाही हा."

"ते मला ठाऊक हाय," बायको म्हणाली. "बुचाचं सांगा."

"बुचाची कल्पना चांगलीच आहे. दिवसभर घालता ते चुकलं. अंधाऱ्या खोलीत बसून राहिलं की बाहेरचं ऊन सोसत नाही. तसंच झालंय. गोंगाट असेल तिथं घाला. गोंगाट सरला की काढा. आणि ही कापलेली नकोत, तुकडा आत राहायचा. लहान मापाची मिळतात, मी मागवून देतो."

कान वर आणि मागे कसा ओढायचा, बूच कुठपर्यंत सरकवायचं, धुऊन कसं वाळवायचं, सगळं त्याने करून दाखवलं. मग म्हणाला, "मोठ्या आवाजाजवळ तिला हळूहळू न्या. बुचं घालून. तिच्या कलाने. ओढायचं नाही."

"वासराला दाव्याची सवय करतात तसं?"

"तसंच," डॉक्टर म्हणाला, "पण दावं नको."

एसटीला वेळ होता. दुपार टळटळीत, तळ्यावर माणूस नाय. आम्ही पायऱ्यांवर सावली बघून बसलो. बायकोने पोरीच्या कानातली बुचं काढली, पदरात धरली, आणि म्हणाली, "बस. काय नाय करायचं." पोरगी आधी आखडून बसली होती. एक सायकल मागून गेली, तेव्हा मान आत ओढली. मग काहीच झालं नाय. पाणी पायरीला लागत होतं आणि मागे जात होतं. पिंपळाचं एक पान उतरलं, फिरत फिरत, उतरायचं का नाय ते ठरलं नसल्यासारखं. पोरीने डोळे मिटले. बायकोनेही मिटले. मी दोघींकडं बघत बसलो. पाण्यावरचं ऊन दोघींच्या तोंडावर हलत होतं, एकाच तालात. किती वेळ गेला ठाऊक नाय. आमची एसटी चुकली एवढं ठाऊक हाय.

पोरगी म्हणाली, "आजे, पाणी बोलतंय. पण ओरडत नाय."

बायको म्हणाली, "मग ऐक तर काय म्हणतंय."

मला वाटतं, त्या दिवसात मी दोघींबरोबर कायमचा राहू शकलो असतो. बायको आजारी पडली तेव्हा मी तिला विचारलं, तळ्यावर बसलो होतो ते आठवतं का? म्हणाली, तुम्ही घोरत होतात. घोरत असेन. माझ्या आठवणीत मात्र मी जागा हाय.

लहान मापाची बुचं आली. मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. खाली रस्त्याला पिठाची गिरणी. तिचा पट्टा फिरायला लागला की पोरगी पहिल्या वळणालाच थबकायची. तिथं बुचं घालायची. तिथूनच परत. काही दिवसांनी करंजाच्या झाडापर्यंत. मग ओढ्यापर्यंत. बायकोचा नियम एकच होता, पुढचं पाऊल पोरीने टाकायचं. आपण नुसतं शेजारी उभं राहायचं. मला धीर नव्हता. मी म्हणायचो, आणखी चार पावलं जाऊ. ती म्हणायची, "तुम्ही जा. दळण घेऊन या. आम्ही उभ्या हाव." आणि परत येताना ओढा ओलांडला की बुचं काढायची, डबीत ठेवायची. डबी पोरीकडं. तो कारभार तिचा तिनेच घेतला होता.

गिरणीच्या दारापर्यंत ती पोचली तेव्हा माघ लागला होता. आता राहिला ढोल. शिमग्याला आमच्या देवीची पालखी घरोघर फिरते. पुढं ढोल, ताशा, सनई. दारात येऊन पालखी नाचवतात, मग घरची बाई देवीची ओटी भरते. तो आवाज गिरणीसारखा नाय. तो छातीत शिरतो. त्याची सवय कशी करायची? देवळातले ढोल शिमग्याआधी आढ्यावरून खाली काढत नायत. पण माझा चुलतभाऊ ढोल वाजवणारा. त्याच्या घरी बापाचा जुना ढोल होता. मी त्याला गळ घातली.

"दादा, अवेळी ढोल वाजवला तर गाव काय म्हणंल?" तो म्हणाला.

"लांबच्या खळ्यावर जाऊ. कापड टाकून हळू वाजव."

"कापड टाकून? ढोल हाय का बाळंतीण?"

पण आला. खळं वाडीपासून लांब, डोंगराच्या कुशीत. सकाळची वेळ. आजूबाजूला सुकलेलं पिवळं गवत. बायको आणि पोरगी बांधावर, कानात बुचं. भावाने ढोलावर घोंगडी टाकली आणि नुसत्या बोटांनी सुरुवात केली. पोरगी ऐकत राहिली. मग उतरली. दोन पावलं आली, थांबली. पुन्हा आली. बायको तिच्या मागे सावलीसारखी, हात न लावता. शेवटी पोरगी ढोलाशी येऊन उभी राहिली आणि तिने त्याच्या लाकडावर पंजा टेकवला. तोंडावर असं काही आलं, की जणू आत कोण राहतं ते तिला कळलंय. "आज्या," मला म्हणाली, "हा हातात पण वाजतो."

हे ऐकून भावाला चेव आला. घोंगडी उडवली, टिपरू उचललं, आणि त्याने पालखीचा ठेका धरला. पूर्ण. डोंगराने तो घेतला, समोरच्या डोंगराने परत दिला. पोरगी हलली नाय. पंजा ढोलावर, डोळे मोठे. आम्ही तिघं हसत होतो. मीही ठेक्यावर मान हलवत होतो, म्हातारा गाढव. एकाच्याही ध्यानात आलं नाय, की आमच्याकडं अवेळी ढोल वाजतो तो फक्त वणवा लागला की.

पहिला माणूस कड्यावरून उतरताना दिसला तेव्हा मला वाटलं, कौतुकाने येतोय. मग दुसरा. मग वरच्या वाडीची, खालच्या वाडीची, सगळी. हातात हिरव्या फांद्या, आग झोडपायला. कोयते. एक म्हातारी डोक्यावर कळशी घेऊन. सगळ्यांच्या छात्या भात्यासारख्या.

"कुठं लागली?"

"काय कुठं लागली?"

"आग रे, भाड्या! आग!"

भाऊ ढोल पाठीमागे लपवायला लागला. ढोल काय लपतो? पोरगी सगळ्यांकडं बघून आजीला म्हणाली, "आजे, सगळी झाडं घेऊन कशाला आली?" ज्या म्हातारीने कळशी आणली होती ती खाली बसली आणि कळशीतलं पाणी स्वतःच प्यायली. मग आम्हाला शिव्या दिल्या. तिच्या शिव्या अजून वाडीत चालतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात गावकी बसली. अवेळी ढोल वाजवला, गाव धावडवला. मी चूक कबूल केली, देवीपुढं नारळ ठेवला, तो विषय मिटला. पण मग गुरव बोलला. देवीची पूजा त्याच्याकडं, त्याचा शब्द मोठा.

"एक राहिलं. ह्या पोरीच्या कानात बुचं असतात. शिमग्याला ती तशीच देवीपुढं उभी राहणार? देवीचं वाजप आणि आपण कान बंद करायचे? हा देवीचा अपमान हाय."

  बुचाशिवाय पोरगी उभी राहणार नाय, आणि उभी राहिली नाय तर पोरगा तिला घाटावर नेणार. एक म्हातारा भला माणूस म्हणाला, "असं करू. ह्यांच्या बांधाला आलो की वाजप बंद. पालखी गपचूप दारात नेऊ. पोरीला बुचं नकोत आणि देवीचा मानही राहील."

मी सुटलो असं मला वाटलं. तोंड उघडणार तेवढ्यात मागून, बायका उभ्या होत्या तिथून, बायकोचा आवाज आला. "नको."

"का गो?"

"मुकी पालखी सुतकाच्या घरावरून जाते. माझ्या घरात काय मयत झालंय? वाजप पायजे. सगळं पायजे. पोरगी बुचं घालून उभी राहील."

गुरव म्हणाला, "देवीपुढं कान बंद करून?"

"गुरवमामा, पौषात तुम्ही कानाला मफलर गुंडाळून आरती करता. घंटा ऐकू येते काय तुम्हाला?"

देऊळ हसलं. गुरवाचा हात नकळत कानाकडं गेला.

"ते थंडीसाठी, गो!"

"मग हे आवाजासाठी. तुम्हाला थंडी लागते, तिला आवाज लागतो. देवीला दोघांचं कळत असंल."

गुरव चिडला, पण माणूस खोटा नव्हता. म्हणाला, "मी नाय ठरवत. देवीला कौल लावतो." त्याने देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं लावली. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाय. आम्ही बसलो. वाट बघितली. एकही फूल पडेना. एकाने विडी ओढून संपवली. पोरं आईच्या मांडीवर झोपली. समईच्या उजेडात देवीचं तोंड असं दिसत होतं, की जणू तिलाही डुलकी आलीय. शेवटी गुरवाने सुस्कारा टाकला.

"देवी काय बोलत नाय. म्हणजे तिला ह्यात पडायचं नाय. घाला बुचं."

शिमग्याला पोरगा आला, एकटाच. पळस पेटलेले होते, पांगारा पेटलेला होता. त्याने पोरीला विचारलं, बरी हायेस ना? ती हो म्हणाली. बस, तेवढंच. पिशवीत त्याने तिच्यासाठी नवा फ्रॉक आणला होता आणि एक पत्र्याची पेटीही आणली होती. पेटी कशासाठी ते आम्ही विचारलं नाय. ती ओट्यावर ठेवलेली होती, आणि बायको तिला वळसा घालून जा-ये करत होती.

दिवस कलायच्या आधी वाजप चढणीला लागलं. आधी जमिनीतून आलं. मग झाडांतून. बायको पोरीपाशी उकिडवी बसली. पोरीने डबी उघडली, आपली आपण बुचं घातली, आणि मान हलवली. पालखी अंगणात आली. गुलाल इतका उडत होता की माणसं पाण्यात रंग विरघळावा तशी दिसत होती. ढोल, ताशा. पोरगी आजीच्या शेजारी उभी. पोरगा खांबाला टेकून, हाताची घडी. मी पालखीकडं बघितलंच नाय, पोरीकडंच बघत होतो. ती उभी होती. उभी होती. मग सनईने वरचा सूर धरला, सुईसारखा, आणि पोरगी थरथरली. आजीच्या पदराआड गेली.

पोराने मान फिरवली. त्याचा चेहरा मी बघितला. वाईट वाटल्याचा होता. मला वाटलं होतं, 'बघा, मी म्हटलंच होतं', असा असेल. तसा नव्हता.

बायको जागची हलली नाय. पोरीला पुढं केलं नाय, मागेही घेतलं नाय. ताट धरून उभी राहिली. पालखी नाचवणारे घामाने निथळले होते. गुरवाने तिच्याकडं बघितलं, चला, म्हणून. तिने मान हलवली, थांबा. आणि ते थांबले. नाचवत राहिले, पण थांबले. मग पदराआडून एक हात आला. त्या हाताने ताटातला नारळ उचलला. जड होता, दोन्ही हात लागले. पोरगी पदर सोडून बाहेर आली, चालत पालखीपर्यंत गेली, आणि देवीच्या ओटीत तिने नारळ ठेवला. वाकडा ठेवला. गुरवाने सरळ केला. पोरगी वळली, आमच्यामधून वाट काढत घरात गेली, घरातून मागल्या दाराने गोठ्यात.

पोरगा म्हणाला, "पळाली शेवटी."

"पळाली नाय," बायको म्हणाली. "चालत गेली. काम उरकून गेली."

पालखी पुढच्या घराकडं निघाली. वाजप बांधाखाली उतरलं, मग वळणाआड. अंगणात गुलाल खाली बसायला लागला. पोरगा गोठ्याकडं गेला. मी मागोमाग, दारापर्यंतच. पोरगी गव्हाणीवर बसली होती. बुचं काढून फ्रॉकने पुसत होती, एकेक, डबीत ठेवत होती. पोराने तिचं नाव घेऊन हाक मारली. छापखान्याच्या डोक्यावर राहून त्याचा आवाज मोठा झालेला.

ती दचकली नाय. बोट ओठांवर ठेवून म्हणाली, "बाबा, हळू बोल. आत्ताच काढलीत."

तो तिथं शेणात उकिडवा बसला, नवीन पँट घालून. काय बोलला ते मला ऐकू आलं नाय. माझे कान तेव्हाही अर्धे गेलेलेच होते, आणि तो बोलतही होता अगदी बारीक. पण ओठ हलत होते. बराच वेळ हलत होते. पोरगी ऐकत होती.

बाहेर आला तेव्हा बायको ओट्यावर उभी होती. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि तशाच बारीक आवाजात म्हणाला, "आये, राहू दे तिला इथंच."

"काय?" बायको म्हणाली. "ऐकू नाय आलं."

त्याने गोठ्याकडं बघितलं. मोठ्याने बोलायची चोरी. मग तो पुढं झाला, वाकला, आईच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा म्हणाला. ह्या वेळी तिने मान हलवली, आणि त्याच्या केसांतला गुलाल झटकला.

सकाळी तो पेटी रिकामीच घेऊन उतरला. मी बायकोला म्हटलं, "पहिल्यांदा म्हणाला तेव्हाच मला कळलं होतं. मला बहिऱ्याला. तुला कसं नाय ऐकू आलं?"

ती अंगण झाडत होती. झाडता झाडता म्हणाली, "आलं होतं की. पण लहानपणानंतर तो इतक्या जवळ कधी आला होता?"